कंपनी लीजवरची गाडी : वापरणारा कर्मचारी वारल्यावर पुढे काय?

निशिगंध

माझे मेहुणे नुकतेच वारले. खासगी कंपनीत नोकरी होती आणि गाडी कंपनीच्या कार लीज योजनेतून घेतलेली होती. मुदत ४८ महिने, त्यातले २९ हप्ते पगारातून कापले गेले आहेत. आता ताईला एचआरचा मेल आलाय की १५ दिवसांत १०,४६,३५० रुपये अधिक जीएसटी भरून गाडी घ्या, नाहीतर जमा करा. काहीच कळवलं नाही तर ही रक्कम फुल अँड फायनलमधून (नोकरीच्या शेवटच्या हिशेबातून) वळती करणार म्हणे.

लीज शेड्यूलमध्ये असं लिहिलंय : गाडीची किंमत १४,००,०००, रेसिड्युअल व्हॅल्यू (मुदतीअखेर धरलेली गाडीची उरलेली किंमत) २५ टक्के, महिन्याचं भाडं जीएसटी सोडून ३६,६५०. भाड्यात विमा आणि मेंटेनन्स धरलेलं आहे.

ताईची गाडी ठेवायची इच्छा आहे, पण आकडा फार वाटतो. एक एजंट सांगतोय की फॉर्म ३१ भरा, वारस म्हणून गाडी नावावर होईल, लीज कंपनीला विचारायचीही गरज नाही. हे खरं आहे का? पैसे भरायची जबाबदारी खरंच ताईवर येते का? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का?

---

चौथा_गिअर

वाईट वाटलं. आधी एकच गोष्ट करा, बाकी सगळं नंतर. आरसी उघडा आणि मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाकला तर नावातली काही अक्षरं झाकलेली दिसतात, म्हणून स्मार्ट कार्ड नाहीतर डिजिलॉकरमधली प्रतच बघा. मालकाच्या नावाखाली हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा) किंवा लीजची नोंद असते, तीही वाचा.

नाव लीज कंपनीचं असेल तर गाडी मेहुण्यांच्या मालमत्तेत कधी नव्हतीच. जे त्यांचं नव्हतं ते वारसाला मिळत नाही, त्यामुळे फॉर्म ३१ चा प्रश्नच येत नाही. एजंटचं ऐकून तो भरला तर आरटीओत परत येईल आणि एजंटची फी तेवढी जाईल.

नाव नोकरीच्या कंपनीचं आणि खाली लीजची नोंद असेल तरीही तेच. मेहुणे वापरकर्ते होते, मालक नव्हेत.

मेहुण्यांचं स्वतःचं नाव असेल आणि खाली लीज किंवा हायपोथिकेशनची नोंद असेल, तरच वारसाचा रस्ता. तो केंद्रीय मोटार वाहन नियम ५६ मध्ये आहे : मृत्यूपासून ३० दिवसांत आरटीओला कळवायचं की गाडी आम्ही वापरणार आहोत, म्हणजे तीन महिने ती वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नावावर करायची. पण तिथेही फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ नाव बदलत नाही (मोटार वाहन कायदा, कलम ५१). "लीज कंपनीला विचारायची गरज नाही" हे तिन्ही बाबतींत चूक आहे.

आरसीवर नॉमिनी लावायची सोय २०२१ पासून आहे. ती नोंद असली तर तिसऱ्या प्रकारात काम सोपं होतं. पहिल्या दोन प्रकारांत तिचा उपयोग नाही.

---

वामकुक्षी

चौथा_गिअर यांनी आरसीचं सांगितलं, मी आकड्याबद्दल बोलतो. कारण १०,४६,३५० कसे आले ते तुमच्याच माहितीवरून दिसतंय.

उरलेले महिने १९. त्याला ३६,६५० ने गुणा : ६,९६,३५०. त्यात रेसिड्युअल व्हॅल्यूचे ३,५०,००० मिळवा : बरोबर १०,४६,३५०. म्हणजे एचआरने (किंवा लीज कंपनीने) उरलेली सगळी भाडी जशीच्या तशी बेरजेला घेतली आणि वर आरव्ही (रेसिड्युअल व्हॅल्यू) ठेवली. या बेरजेत दोन गोष्टी घुसल्या आहेत ज्या असायला नकोत.

पहिली, भाड्यातला विमा आणि मेंटेनन्सचा भाग. गाडी आज ताईने विकत घेतली तर पुढच्या १९ महिन्यांची सर्व्हिसिंग, टायर, विमा हे सगळं ताई स्वतः करणार. मग त्याचे पैसे लीज कंपनीला आज कशासाठी? शेड्यूलमध्ये भाड्याची फोड दिलेली असते, "फायनान्स रेंटल" आणि "सर्व्हिसेस रेंटल" अशी किंवा तत्सम. नसेल तर मागा. उदाहरण म्हणून फायनान्सचा भाग ३१,१५० आणि सर्व्हिसचा ५,५०० धरू. नुसत्या सर्व्हिसचे १९ महिन्यांचे १,०४,५०० होतात.

दुसरी, अजून न लागलेलं व्याज. १४ लाख किंमत, ४८ महिने, ३१,१५० चा हप्ता आणि शेवटी साडेतीन लाख, हे गणित महिना १ टक्का म्हणजे वर्षाला १२ टक्के व्याजाने जुळतं. एक्सेलमध्ये 'रेट' फंक्शनला हे चार आकडे दिले की दर मिळतो. मग 'पीव्ही' (आजचं मूल्य काढणारं फंक्शन) ला तो दर, १९ महिने, ३१,१५० आणि साडेतीन लाख द्या. आजची थकबाकी येते सुमारे ८,२६,३००. (हप्ता महिन्याच्या शेवटी धरून. तुमच्याकडे आगाऊ भाडं असेल तर आकडा किंचित हलेल.)

नुसती बेरीज केली तर १९ गुणिले ३१,१५० अधिक ३,५०,००० म्हणजे ९,४१,८५०. यातला आणि ८,२६,३०० मधला १,१५,५५० चा फरक म्हणजे येणाऱ्या १९ महिन्यांचं व्याज, जे पैसे आज एकरकमी मिळाल्यावर लागायलाच नको. दोन्ही मिळून मागणी सुमारे २,२०,००० ने फुगलेली आहे, आणि हे जीएसटीच्या आधी.

करारात "मुदतपूर्व समाप्ती" चं कलम असेल, त्यात सूत्र दिलेलं असतं. काही करारांत खरोखरच "सर्व उर्वरित भाडी" असं लिहिलेलं असतं. तसं असलं तरी भांडायला जागा आहे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. पण पत्रात पहिल्याच ओळीत कलमं लिहू नका. नुसती फोड मागितली की बहुतेक वेळा आकडा आपोआप खाली येतो. पहिला मेल एचआरमधल्या कुणीतरी एक्सेलच्या एका सूत्रावर पाठवलेला असतो, त्यामागे कसला डाव नसतो.

मागायची फोड अशी : थकीत मुद्दल, आरव्ही, फोरक्लोजर चार्ज म्हणजे करार मुदतीआधी संपवण्याचा आकार (टक्का आणि कशावर), जीएसटी (दर आणि कशावर), न वापरलेल्या मेंटेनन्स निधीची परतफेड, विम्याच्या उरलेल्या काळाचं समायोजन, आणि सिक्युरिटी डिपॉझिट घेतलं असेल तर ते वजा.

जीएसटीवर जरा थांबा. जुनी गाडी विकताना विक्रेत्याने त्या गाडीवर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवेळी भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं नसेल तर १६ जानेवारी २०२५ पासून १८ टक्के जीएसटी फक्त मार्जिनवर लागतो. विक्रेता गाडीवर घसारा घेत असेल तर मार्जिन म्हणजे विक्री किंमत वजा प्राप्तिकरातल्या घसाऱ्यानंतरची किंमत, आणि मार्जिन उणे असेल तर जीएसटी शून्य. क्रेडिट घेतलं असेल तर ही सवलत नाही, पूर्ण किमतीवर लागतो. लीज कंपन्या बहुधा क्रेडिट घेतात, पण सगळ्या नाही. आठ लाखांच्या व्यवहारात हा फरक लाखाच्या घरात जातो, त्यामुळे "इन्व्हॉइस कुठल्या पद्धतीने काढणार?" हे लेखी विचारा.

---

निशिगंध

दोघांचेही आभार. आरसी पाहिली. मालक लीज कंपनी, आणि खाली एका बँकेचं हायपोथिकेशन आहे. हे कसं काय? मेहुण्यांनी तर कुठलंच कर्ज घेतलं नव्हतं. गाडी एमएच पासिंगच आहे.

आणखी एक, फाइलमध्ये ताईची सही असलेला एक कागद सापडला. वर "अधिकृत चालक / कुटुंबीय घोषणापत्र" असं आहे. ही जामीनदारी तर नाही ना?

---

चौथा_गिअर

ते कर्ज लीज कंपनीचं आहे, मेहुण्यांचं नाही. लीज कंपन्या स्वतः बँकेकडून पैसे उचलून गाड्या घेतात आणि बँक आरसीवर बोजा चढवते. तुमच्यावर त्याची जबाबदारी शून्य, पण गाडी घ्यायची ठरली तर पैसे देण्याआधी हा बोजा कसा उतरणार ते विचारायलाच हवं. कसं ते नंतर लिहितो.

---

ओटीवरचा_वकील

जबाबदारीच्या मुद्द्यावर.

करार कोणाकोणात आहे ते आधी बघा. कंपनी लीजमध्ये सहसा मूळ करार लीज कंपनी आणि नोकरीची कंपनी यांच्यात असतो. कर्मचाऱ्याने आपल्या कंपनीला एक हमीपत्र दिलेलं असतं की नोकरी सोडली तर फोरक्लोजरचे पैसे मी देईन किंवा पगारातून कापा. म्हणजे लीज कंपनीचं येणं नोकरीच्या कंपनीकडून, आणि नोकरीच्या कंपनीचं येणं कर्मचाऱ्याकडून. त्यामुळे एचआरला तीन कागद मागा : कार लीज पॉलिसी (त्या वर्षीची, आजची नाही), मेहुण्यांनी सही केलेलं हमीपत्र, आणि मूळ करारातलं मुदतपूर्व समाप्तीचं कलम. हमीपत्रात नुसतं "राजीनामा किंवा बडतर्फी" असेल आणि मृत्यूचा उल्लेख नसेल, तर एचआरचा दावा बराच ढिला पडतो. कित्येक पॉलिसींमध्ये मृत्यूसाठी वेगळं कलम असतं : कंपनी गाडी परत घेते आणि नुकसान स्वतः सोसते, किंवा वारसाला घेण्याचा पर्याय देते. काही लीजमध्ये भाड्यातच एक लहानसा भाग "अर्ली टर्मिनेशन प्रोटेक्शन" सारख्या नावाने कापलेला असतो. तो असेल तर मृत्यू हे त्यातलं हमखास कारण असतं आणि फोरक्लोजर चार्ज माफ होतो. भाड्याची फोड आली की ही ओळ शोधा. एचआरच्या माणसाला ती माहीत असेलच असं नाही.

जिथे खरंच देणं निघतं तिथेही वारसाची जबाबदारी मृताकडून मिळालेल्या मालमत्तेइतकीच असते. ताईच्या स्वतःच्या पगाराला, बचतीला, दागिन्यांना हात लागत नाही. याला अपवाद एकच : तिने स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर. जामिनाची जबाबदारी स्वतंत्र आणि पूर्ण असते. तुम्ही सांगता ते घोषणापत्र शीर्षकावरून तरी गाडी कोण चालवणार याचं दिसतंय. तरीही मजकूर शेवटपर्यंत वाचा. "हमी", "जामीन", "संयुक्तपणे व स्वतंत्रपणे" असे शब्द नसतील तर काळजी नको.

आणि आता नवा कागद पुढे येईल. "फक्त औपचारिकता आहे" म्हणून ताईकडून "उर्वरित रक्कम मी भरेन" अशी सही घेतली जाते. आकडा ठरायच्या आधी अशी सही करू नका. नवऱ्याचं देणं त्या एका सहीने बायकोचं होतं.

फुल अँड फायनलमधून वळती करण्याबद्दल : शेवटचा पगार, रजेचे पैसे, बोनस यांतून हमीपत्राच्या आधारे कापू शकतील. ग्रॅच्युइटी आणि पीएफ मात्र लीजच्या पैशांसाठी अडवता येत नाहीत, दोन्हींना कायद्याचं संरक्षण आहे. मृत्यू झाल्यास ग्रॅच्युइटीला पाच वर्षांच्या सेवेची अटही नसते. पीएफबरोबरचा ईडीएलआय विमा (कमाल ७ लाख) आणि कंपनीचा ग्रुप टर्म विमा यांचाही गाडीशी संबंध नाही. "गाडीचं मिटवा, मग क्लेमच्या फॉर्मवर सही करतो" असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा. लेखी येत नाही, आणि बहुधा सही होऊन येते.

एक बाजूची गोष्ट, कारण तुम्ही कारण लिहिलेलं नाही आणि विचारतही नाही. मृत्यू याच गाडीच्या अपघातात झाला असेल तर १५ लाखांचा ओनर-ड्रायव्हर अपघात विमा इथे मिळणार नाही. तो नोंदणीकृत मालकाला असतो आणि मालक कंपनी असेल तर पॉलिसीत दिलाच जात नाही. अशा वेळी पॉलिसीत प्रवाशांसाठी किंवा पगारी चालकासाठी वेगळं कव्हर आहे का, आणि नोकरीच्या कंपनीचा ग्रुप अपघात विमा आहे का, ते बघायचं. समोरच्या गाडीची चूक असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात जायचं, तिथे सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा.

---

घाटवळण

मी तर म्हणेन सरळ परत करून टाका. एवढ्या पत्रव्यवहारात ताईला कशाला अडकवायचं? त्यातून जुनी गाडी, रोज किंमत उतरतेय.

---

वामकुक्षी

परत करणं म्हणजे हिशेब संपला असं नाही, तिथेच लोक फसतात. लीज कंपनी गाडी लिलावात किंवा डीलरला विकते, आलेली किंमत थकबाकीतून वजा करते आणि उरलेला फरक मागते. लिलावाची किंमत खुल्या बाजारापेक्षा कमी येते हे सांगायला नको. म्हणजे गाडीही जाते आणि वर बिलही येतं. परत करायचीच तर आधी लेखी घ्यावं की "गाडी जमा झाल्यावर कोणतंही येणं राहणार नाही". ते द्यायला तयार असतील तर घाटवळण म्हणतात ते बरोबर. नसतील तर गाडी विकत घेऊन स्वतः विकणं बहुधा फायद्याचं.

ठरवायचं कसं? दोन-तीन जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन कंपन्यांकडून घरी तपासणी करून भाव घ्या, फुकट असते. आरसी कंपनीच्या नावावर आहे हे आधी सांगा, नाहीतर तपासणीनंतर भाव पाडतात. भाव साडेनऊ लाख आला आणि दुरुस्त मागणी जीएसटीसह नऊच्या आत बसली, तर गाडी घेण्यात अर्थ आहे. भाव आठ आला तर परत करण्याची बोलणी करा. काही लीज कंपन्या थेट तिसऱ्या खरेदीदाराच्या नावे इन्व्हॉइस काढतात. तसं झालं तर एक ट्रान्सफर वाचतो आणि ताईला आठ लाख उभे करावे लागत नाहीत. विचारून बघा, नाही म्हणाले तर नाही.

---

निशिगंध

चालवण्याबद्दल कोणीतरी सांगा प्लीज. गाडी सोसायटीत उभीच आहे. ताईला मुलांना शाळेत सोडायला लागते.

---

चौथा_गिअर

पॉलिसीवर विमाधारक कोण आहे ते बघा. लीज कंपनी असेल (तुमच्या आरसीवरून तसंच असणार) तर मेहुण्यांच्या जाण्याने पॉलिसीला काही झालेलं नाही, ती मुदतीपर्यंत चालू आहे. विमाधारकच वारला असता तर पॉलिसी मृत्यूनंतर तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर, टिकते आणि त्या आत वारसाने आपल्या नावावर करून घ्यायची असते. अशा वेळी नो क्लेम बोनसही नवरा-बायको, मुलं किंवा आई-वडिलांकडे जातो. तुमच्या बाबतीत बोनस लीज कंपनीचा आहे, ताईला तो मिळणार नाही.

मात्र विमा चालकाला लागू होतो तो दोन अटींवर : वैध लायसन्स आणि विमाधारकाची परवानगी. ती परवानगी मेहुण्यांच्या वापरासाठी होती. ताईचं नाव अधिकृत चालक म्हणून दिलेलं आहे हा चांगला आधार, पण मूळ वापरकर्ता गेल्यावर तो किती टिकेल यावर क्लेमच्या वेळी वाद घालायची वेळ येऊ नये. एक मेल टाका : "श्री. अमुक यांचे अमुक तारखेला निधन झाले. हिशेब पूर्ण होईपर्यंत अधिकृत चालक या नात्याने मी गाडी वापरत आहे, कृपया संमती कळवा." होकार आला की चालवा. उत्तर येईपर्यंत रिक्षा.

तोवर उभी गाडी नुसती विसरू नका. पुश स्टार्ट आणि कनेक्टेड फीचर असलेल्या गाड्या बंद असतानाही थोडा करंट खातात, दोन-तीन आठवड्यांत बारा व्होल्टची बॅटरी बसते. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं पार्किंगमध्येच चालू ठेवा, नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. वायर काढायची तर आधी चावीतली यांत्रिक किल्ली बाहेर काढून दरवाजा तिने उघडतो का ते बघा. बॅटरी तुटल्यावर रिमोट चालत नाही आणि बॉनेटचा खटका आत असतो. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात ब्रेक शू चिकटतात. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली वीट लावा. हवा दोन-तीन पीएसआय जास्त भरली तर टायर एका जागी दबत नाहीत.

दुसरं, मेहुण्यांचं सिमकार्ड इतक्यात बंद करू नका. कनेक्टेड ॲप, फास्टॅग, लीज पोर्टल सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. ताईच्या नावावर नंबर ट्रान्सफर करून घ्या आणि चालू ठेवा.

---

डांबरी

परत करायची वेळ आली तर गाडी देतानाचं सांगतो, कारण "डॅमेज" च्या नावाखाली सगळ्यात जास्त वसुली तिथेच होते.

गाडी धुवून, दिवसाउजेडी द्या. संध्याकाळी सहा वाजता तळघरात उभ्या गाडीवर कोणी ओरखडे मोजायला लागलं तर जुना-नवा ठरवता येत नाही. चारही कोपरे, चारही रिम, पुढची काच, दोन्ही बंपरच्या खालच्या कडा, छत, आतल्या सीट आणि डिकी यांचे फोटो काढा. ओडोमीटरचा फोटो इंजिन चालू ठेवून काढा, म्हणजे वॉर्निंग लाइट पेटलेले नाहीत हेही त्यातच दिसतं. टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात, वेअर इंडिकेटर, १.६ मिलिमीटरचे. खाच तिथवर आली असेल तर टायरचे पैसे मागतील, पण मेंटेनन्समध्ये टायर धरलेले असतील तर मागू शकत नाहीत. उलट जमा करायच्या आधी तुम्हीच बदलून मागा.

सामानात दुसरी चावी हवीच. स्मार्ट चावी हरवली तर हजारांत बिल येतं. जॅक, पाना, टो हुक, स्टेपनी, वॉर्निंग ट्रँगल, मॅन्युअल, आरसी कार्ड, पीयूसी, आणि इलेक्ट्रिक असेल तर चार्जिंग केबल. कपाटात, ड्रॉवरमध्ये कुठेतरी दुसरी चावी असते, ती शांतपणे शोधा आणि मगच तारीख द्या.

गाडीतून घरच्यांच्या वस्तू काढाल, पण स्क्रीन विसराल. ब्लूटूथमध्ये जोडलेले फोन, कॉन्टॅक्ट लिस्ट, नेव्हिगेशनमधलं घर आणि ऑफिस, डॅशकॅमचं कार्ड. सेटिंगमध्ये फॅक्टरी रिसेट असतो. त्याआधी कनेक्टेड ॲपमधून गाडी अनलिंक करा. नुसता रिसेट मारला तर खातं तिकडे जोडलेलंच राहतं.

आणि पोचपावतीशिवाय चावी हातातून सोडू नका. पावतीवर तारीख, वेळ, किलोमीटर, इंधनाची पातळी, चाव्यांची संख्या आणि ओरखड्यांची नोंद, खाली घेणाऱ्याची सही आणि नाव. ड्रायव्हर म्हणतो "यार्डात गेल्यावर पावती मेल करतो". त्याला सांगा की मग गाडीही यार्डातच देतो. भाडं थांबण्याची तारीख याच कागदावर ठरते. पावती आठवड्याने आली तर आठवड्याचं भाडं लावतात.

---

चौथा_गिअर

विकत घेण्याचा रस्ता, सांगतो म्हणालो होतो.

इथे ताई वारस नाही, साधी खरेदीदार आहे. त्यामुळे आरटीओला वारस दाखला, इतर वारसांची ना हरकत, यातलं काही लागत नाही. लीज कंपनी स्वतःच्या फाइलसाठी मृत्यू दाखला आणि नातं दाखवणारा कागद मागेल, तेवढंच. गाडी थेट मुलाच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर घ्यायची असेल तरी चालतं, लीज कंपनी तयार असली की झालं.

पैसे देण्याआधी लेखी हवं : अंतिम रक्कम आणि ती किती तारखेपर्यंत वैध, बँकेचा बोजा उतरवून देण्याची हमी आणि कालावधी, आणि पैसे कोणत्या खात्यात. पैसे लीज कंपनीच्या खात्यातच भरा, एचआरच्या किंवा कुणा "रिकव्हरी पार्टनर" च्या नाही.

मग कंपनीकडून येणारे कागद : इन्व्हॉइस, फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) च्या दोन प्रती, फॉर्म ३० (नाव बदलण्याचा अर्ज), अधिकृत सहीदाराचा ठराव किंवा अधिकारपत्र, मूळ आरसी, विमा, आणि बँकेचा फॉर्म ३५ (बोजा उतरवल्याची सूचना) एनओसीसह म्हणजे ना हरकत पत्रासह. फॉर्म ३५ आणि एनओसी या दोन कागदांवर सगळं अडतं. बँकेच्या एनओसीवर मुदत असते, बहुधा ९० दिवस. लीज कंपनी फाइल महिनाभर दाबून बसली तर तुमच्या हातात संपत आलेली एनओसी येते. म्हणून एनओसीची तारीख बघून मगच बाकीचे कागद गोळा करा, उलट नाही. सहीदाराची सही आरटीओतल्या नमुन्याशी जुळत नाही म्हणूनही अर्ज परत येतात. कंपनीचा शिक्का प्रत्येक फॉर्मवर आहे का बघा.

फॉर्म ३५ आणि फॉर्म ३० एकत्रच टाका, बोजा उतरून नाव बदलतं. आधी थकीत ई-चलन तपासा, एक जरी बाकी असलं तरी काम अडतं. चलन लीज कंपनीच्या नावाने गेलेलं असतं त्यामुळे घरी कधी कळलेलंच नसतं.

नाव बदललं की १४ दिवसांत विमा ताईच्या नावावर करण्यासाठी अर्ज. जुन्या पॉलिसीत लीज कंपनीला नो क्लेम बोनस मिळालेला असेल तर उरलेल्या काळाचा तेवढा फरक विमा कंपनी ताईकडून घेते. हजारांत असतो, धरून चला. आणि आता ताई मालक असल्यामुळे ओनर-ड्रायव्हर अपघात विमा त्यात घालून घ्या, आधी तो नव्हता.

---

निशिगंध

एचआरला फोड मागणारा मेल टाकला. दोन तासांत उत्तर आलं : "आकडा लीज कंपनीकडून तपासून घेतो, तोवर १५ दिवसांची मुदत लागू नाही." संमतीचा मेलही टाकलाय.

फास्टॅगचं काय करायचं? मेहुण्यांच्या बँक खात्यातून ऑटो रिचार्ज आहे.

---

डांबरी

ऑटो रिचार्ज आजच बंद करा. खातं गोठलं की रिचार्ज फेल होईल, टॅग ब्लॅकलिस्ट होईल आणि टोलवर जास्त पैसे जातील. टॅग कोणाच्या केवायसीवर आहे ते ॲपमध्ये बघा. लीज कंपनीचा असेल तर त्यांना कळवा. मेहुण्यांचा असेल तर ज्या बँकेने दिला तिच्याकडे मृत्यू दाखला देऊन बंद करायचा, शिल्लक आणि डिपॉझिट परत मिळतं. एका गाडीला एकच टॅग, त्यामुळे जुना बंद झाल्याशिवाय ताईच्या नावाचा नवा चालू होणार नाही. गाडी परत करणार असाल तर ती द्यायच्या आधी काचेवरचा टॅग फाडून काढा, नाहीतर यार्डवाल्यांचा टोल तुमच्या खात्यातून जातो.